लांडग्याचं पोट

“आधी मुलांच्या ओळखीचं जनावर दाखवा, मग सूत्र लिहा.” आधी विज्ञान शिकवणारे श्रीनिवास सर निवृत्त होऊन गेले, तरी त्यांचं हे सांगणं भाग्यश्रीबाईंच्या कानात होतं. म्हणून मांजरी गावच्या त्या शाळेत नववीच्या फळ्यावर आठवडाभर लांडगाच होता. त्याच्या मुताचा अमोनिया, हाडांतलं कॅल्शियम, आज जठरातलं आम्ल. माळावरचा लांडगा बहुतेकांनी पाहिलेला, त्यामुळे मागचा बाकही जागा राहायचा.

बाईंचा संकष्टीचा उपास होता. पोटात नुसतं पाणी. फळा पुसताना हात जड झाला होता. वर्ग रिकामा झाला तरी शेफाली टेबलाशी घुटमळत राहिली. तिच्या वडिलांच्या, संपतच्या, शेळ्या उसापलीकडच्या माळावर चरायच्या.

“बाई, लांडग्याच्या पोटात हाडंसुदीक इरघळत्यात ना?”

“हो. आम्ल फार तीव्र असतं त्याचं.”

“मग उसावर मारायचं औषध बी इरघळंल.”

बाईंनी डस्टर खाली ठेवलं.

विचारून विचारून कळलं ते असं. लांडगिणीनं परवा करडं नेली होती. आज सकाळी संपतनं मेलेल्या शेळीला औषध चोळून ती बाभळीखाली टाकली. दिवस मावळला की लांडगीण येते. ओढ्याच्या कपारीत तिची पिल्लं आहेत. शेफाली दुपारपर्यंत घाबरून होती, तासाला मात्र निवांत झाली. लांडग्याच्या पोटात सगळं विरघळतं, असं बाईच म्हणाल्या होत्या.

“विरघळलं म्हणजे नाहीसं झालं असं नाही गं. चहात साखर विरघळते, गोडी जाते का?”

शेफालीचा चेहरा उतरला. “मी सांगितलं हे आण्णांना कळलं, तर शाळाच सुटंल माझी.”

वनखात्याला कळवावं तर संपतवर केस, आणि ही पोर घरी. बाई खुर्चीत टेकल्या.

“तुझं नाव निघणार नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि अंधार पडायच्या आत ती शेळी पुरलेली असेल.”

शिपाई कचरूकडे त्यांनी कुदळ मागितली. “चंद्राला उशीर होतोय म्हणून खणून काढताय काय, बाई?” त्यानं विचारलं. बाईंनी हसून कुदळ खांद्यावर घेतली. मेलेल्या जनावराला शिवायचं, म्हणजे पूजेआधी पुन्हा डोक्यावरून आंघोळ आली. प्रयोगशाळेतले रबरी हातमोजे त्यांनी पिशवीत टाकले, पदर खोचला आणि दुखरे गुडघे सांभाळत उसाच्या कडेनं माळाच्या वाटेला लागल्या.