शंभरातले दोन रुपये

मित्रांनो, मी एक जुनं स्वाइप मशीन आहे आणि मला माझीच भीती वाटते.

कारखान्यातून मी आलं ते हैदराबादेत, नारायणगुड्यातल्या कुसुमताईंच्या मेतकूट-मसाल्याच्या दुकानात. मला बसवणारा म्हणाला होता, "आंटी, फिकर नक्को करो. गिराकी बढ़ती देखो." ताईंनी मला हळदकुंकू लावलं. तेव्हा मी काउंटरवर काय मिरवत होतं, विचारू नका!

मग हळूहळू कळलं. माझ्यात क्रेडिट कार्ड घातलं, की ताईंच्या शंभरातले दोन रुपये मधल्यामधेच कापले जातात. वर माझं महिन्याचं भाडं वेगळं. मसाल्यात मुळात सुटतं तरी किती? शेजारीच फोनवरून पैसे देण्याचा कागद चिकटवलेला आहे. त्यात काहीच कापत नाहीत. पण ईशाला कार्डच लागतं.

ईशा पुण्याची, इथे आयटीत आहे. दर महिन्याला भरपूर खरेदी करते. "काकू, कार्डावर पॉइंट्स मिळतात ना!" म्हणते. पोरगी गुणाची आहे हो, पण ते पॉइंट्स कुणाच्या पैशातून येतात हे तिच्या गावीही नाही.

गेल्या महिन्यात ताईंनी भाजणी भाजणाऱ्या त्रिवेणीला एक दिवसाआड यायला सांगितलं. तेव्हापासून कार्ड दिसलं की मी मनातल्या मनात हिशोब मांडत बसतं. उद्या तिचं येणंच बंद झालं तर? आणि मग दुकानाचं शटर?

काल ईशा थर्मास घेऊन आली. "काकू, तुमच्यासाठी. पॉइंट्सवर फुकट मिळाला!" ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने मैत्रिणींची मिळून दिवाळीची चौदा हजारांची ऑर्डर दिली आणि कार्ड काढता काढता विचारलं, "काकू, यात तुमचं काही कापत नाहीत ना?"

त्रिवेणीचा कढईतला हात थांबला.

बोला ताई, आत्ता बोला! मी आतून ओरडत होतं. पण आपल्याकडच्या मुलीपुढे दोन रुपयांचं रडगाणं ताई कशा गाणार?

"छे गं," त्या हसल्या. "तू कायको परेशान होतेस? घाल कार्ड."

मी बीप केलं. मला तेवढंच येतं.

मित्रांनो, मोठ्या मॉलमध्ये कार्ड खुशाल वापरा. छोट्या दुकानात मात्र आधी विचारा. आणि समोरून "छे गं" असं उत्तर आलं, तर त्या चेहऱ्याकडे नीट बघून पुन्हा एकदा विचारा.