तीनदा दाबलेलं बटण

"भोंगा कुठे गेला ते सांगते. पण सापडला तर माझं एक काम करशील?" आर्डिथ कोवारिकनं कॉफीचा कप पुढे सरकवला. "मी बटण तीनदा दाबलं होतं का, तेवढं बघ."

लीलंड ब्रांट हसला नाही. चाळीस वर्षं शेतावरचे पंप दुरुस्त केलेला हा गृहस्थ निवृत्त झाल्यापासून नेब्रास्काभर जुने भोंगे शोधत हिंडत होता. आगीचे, वादळाचे, रशियाचे बॉम्ब पडतील म्हणून बसवलेले. "लोकांचे नवरे मासे धरतात, माझा भंगार आणतो," असं त्याची बायको म्हणायची. पण ज्याचं त्याला गोड.

वेस्लर गावात आग विझवणारे सगळे आपखुशीचे. कुणी शेतकरी, कुणी दुकानदार. आगीचा फोन वाजायचा आर्डिथच्या स्वयंपाकघरात. फोनशेजारी बटण होतं. ते तिनं तीनदा दाबायचं, तीन भोंगे ऐकले की माणसं हातातलं टाकून धावायची. दुपारी बाराला मात्र भोंगा घड्याळावर आपोआप वाजे, एकच, मिनिटभर, आणि गाव जेवायला बसे.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये सेडलाचेकांचा गोठा पेटला तो नेमका बाराला.

"सेडलाचेकांच्या लव्होनचा फोन आला, तेव्हा भोंगा सुरूच होता," आर्डिथ म्हणाली. "मी दाबलं. मोजून तीनदा. भोंगा वाजतच होता, मला वाटलं माझाच. लव्होनला म्हटलं, निघालेत सगळे. आणि कुणी निघालंच नव्हतं रे. सगळे ताटावर. तिचा नवरा मिलो गाई सोडवायला आत गेला, वरून छप्पर आलं."

"मग गाव काय म्हणालं?"

"बाई घाबरली, एकदाच दाबलं. सत्तेचाळीस वर्षं ऐकतेय. आता मलाच कधी कधी खरं वाटतं."

तिनं सांगितलेल्या माणसानं भोंगा केव्हाच विकला होता. दोन महिन्यांनी, तीन गावं पालथी घातल्यावर, तो एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये सापडला. "ने बाबा," शेतकरी म्हणाला, "बायको मला जेवायला बोलवायची त्यावर. आता मला तोही ऐकू येत नाही."

भोंग्याबरोबर त्याची लोखंडी पेटीही होती. तिच्यात घड्याळ आणि सगळ्या तारा. लीलंडनं मोटारीऐवजी दिवा जोडला, काटा बारावर आणला. दिवा लागला. मग त्यानं बटण दाबलं. दिवा विझला, पुन्हा लागला. तीनदा दाबलं, तीनदा तसंच झालं. म्हणजे बारालाही बटण चालत होतं. म्हणजे बाईच चुकली होती. त्याला फार वाईट वाटलं. आता म्हातारीला काय तोंड दाखवायचं, या विचारात त्यानं पेटीचं झाकण लावायला उचललं, तर आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: "घड्याळ चालू असताना आगीचं बटण बंद पडतं. जोडणी बदलली. ९ जुलै १९७४. ए. के."

आगीनंतर दोन आठवड्यांनी. ए. के. म्हणजे एमिल कोवारिक, गावचा वायरमन. आर्डिथचा नवरा.

तीन दिवस ते झाकण लीलंडच्या गाडीत पडून होतं. चौथ्या दिवशी त्यानं ते तिच्या टेबलावर ठेवलं.

तिनं चष्मा लावून वाचलं. "नवाचं शेपूट असंच वळवायचा तो," ती म्हणाली. चष्मा काढून तिनं झाकण जवळ ओढलं. "त्यानंतर तेवीस वर्षं जगला. रोज सकाळी माझी कॉफी तो करायचा. गावात कुणी टोमणा मारला की म्हणायचा, जाऊ दे आर्डिथ, चूक माणसाच्याच हातून होते."

तिला राग आला होता, आणि मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं हे तिला कळत नव्हतं.

"तुम्ही म्हणाल तर हे फायर स्टेशनात लावतो," लीलंड म्हणाला. "सगळं गाव वाचेल."

"गाव गेलं खड्ड्यात. मला लव्होनकडे ने."

तिनं चांगला कोट चढवला. झाकण लीलंडला धरू दिलं नाही, गाडीत मांडीवरच ठेवलं.

लव्होन सेडलाचेकनं दार उघडलं. कोण आलंय ते पाहून तिचा हात दारावरच राहिला. दोघी सत्तेचाळीस वर्षं एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"वाच," आर्डिथ म्हणाली.

लव्होननं दोनदा वाचलं.

"तीनदा दाबलं होतंस म्हणजे."

"तीनदा."

"आणि मला म्हणालीस, निघालेत."

"मला तसंच वाटलं होतं गं."

लव्होननं मान हलवली. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "तो जात नव्हता आत. मीच म्हटलं त्याला, आर्डिथ म्हणतेय निघालेत, तोवर दोन गाई तरी काढ. हे कुणालाच सांगितलं नाही मी."

लीलंड पायऱ्या उतरून गाडीत जाऊन बसला, पण गाडी सुरू केली नाही. दारात दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. झाकणाची एक कड लव्होनच्या हातात होती, दुसरी आर्डिथच्या, आणि ते दोघींपैकी कुणीच खाली ठेवत नव्हतं.