इंजेक्शनवाल्या आत्याचं मृत्युपत्र

माझं नाव बाजीराव आणि मला सुईची भीती वाटते. हसून घ्या. आंदर मावळात सगळे हसून झालेत.

माझी हिरा आत्या पस्तीस वर्षं सरकारी नर्स होती. इकडच्या वाड्यावस्त्या तिनं पायी तुडवल्या, लग्न केलं नाही आणि निवृत्त झाल्यावर कुसगावात टुमदार बंगली बांधली. लोणावळ्याचे हॉटेलवाले त्या बंगलीसाठी जीव टाकायचे. आत्याला भाचा मी एकटाच. त्यामुळे बंगली आपलीच, हे मी धरून चाललो होतो आणि बायकोनं पडद्यांचा रंगही ठरवला होता.

शिमगा झाला आणि आत्या गेली. तेराव्यानंतर तिची जुनी सहकारी अनघा सिस्टर मृत्युपत्र घेऊन आली. बंगलीच्या भाड्यातून दर वर्षी नर्सिंग शिकणाऱ्या एका गरजू मुलीची फी भरायची, असं त्यात होतं. आणि मुलगी निवडायची कशी? आत्यानं लिहिलं होतं, ‘मार्क कुणालाही पडतात. मुलीनं बाजीरावाला इंजेक्शन द्यावं. मग दुखलं का, हे त्याला विचारावं. तो सांगेल ते खरं मानावं. पहिल्या तिघींत एकही पास झाली नाही, तर बंगली बाजीरावाची.’

म्हातारीनं मेल्यावरही माझा पिच्छा सोडला नाही! पण हिशेब सोपा होता. तीनदा ‘दुखलं’ म्हणायचं की बंगली घरात. डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लिहून दिलेलीच होती, ती मी सहा महिने चुकवत होतो.

पहिली मुलगी तळेगावची. तिनं सुई टोचली आणि मी बोंब ठोकली. खरंच दुखलं होतं. दुसरीचा हात हलका होता, मला कळलंसुद्धा नाही. तरी मी म्हणालो, “लय दुखलं.” तिचा चेहरा पडला. खोटं कशाला सांगू, मला लाज वाटली. पण बंगली ती बंगली.

तिसरी पिंकी, आमच्याच आंदर मावळातली. फी भरली नाही तर कॉलेज सोडून कंपनीत पॅकिंगला जाणार, हे अनघा सिस्टरनं आधीच माझ्या कानावर घातलं होतं. मी बाही वर केली, डोळे मिटले आणि ओरडायला तोंड उघडं ठेवलं.

पिंकी दंडावर कापूस फिरवत म्हणाली, “आबा, तुमच्या इंद्रायणी तांदळात भेसळ असती म्हणं?”

माझे डोळे खाडकन उघडले. “कोण म्हणतं?”

“कोंडाजी आबा. समद्यांना सांगत्यात.”

कोंडाजी! माझा बांधाशेजारी! “त्यो काय बोलतो? त्याच्या भाताला वास तरी हाय का? माझा भात शिजला की वाडीतली कुत्री दारात येत्यात! बांध कोरून कोरून त्यानं...”

“झालं, आबा.”

“काय झालं?”

“इंजेक्शन.”

मी दंडाकडे पाहिलं. कापूस लावलेला होता. लहानपणी आत्या अगदी असंच करायची, आधी भांडण उकरून काढायची आणि मग टोचायची.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“माझ्या आज्जीला हिरा सिस्टर अशाच टोचायच्या. आज्जी अजून शिव्या देती त्यांना.”

मला आत्याची इतकी आठवण आली की नाक वाहायला लागलं.

अनघा सिस्टरनं कागद पुढं ओढला. “बाजीराव, दुखलं का?”

बंगली डोळ्यांसमोर आली, पडद्यांसकट. पिंकी वापरलेली सुई डब्यात टाकत होती. सुई टाकून झाली तरी ती डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिली.

“न्हाई,” मी म्हणालो. “आन् त्या दुसऱ्या पोरीनं टोचलं तवाबी दुखलं न्हवतं. तिला फुडच्या साली बोलवा.”

अनघा सिस्टरनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आणखी काही लिहायचंय?”

“व्हय. माझ्या इंद्रायणीत भेसळ न्हाई. ते आधी लिवा.”