पाच लाल कड्या

सासूबाई आमच्याकडे आल्या की सगळ्यात आधी बाथरूम घासतात. चहा नाही, पाणी नाही, पिशवी टेकवली की पदर खोचून आत. ब्रश स्वतःचा आणतात, आणि दर खेपेला रबराची एक नवी चटईही आणतात. आमच्या माळ्यावर न वापरलेल्या चटयांची थप्पी झाली आहे.

"आई, अहो आहे ना आधीची," मी म्हणते.

"जुनी झाली की सरकते गं ती," त्या म्हणतात, आणि पुन्हा खर्र खर्र सुरू.

आता माझी फरशी इतकी का घाण असते? पहिली काही वर्षं मी मनाला लावून घेतलं. नंतर हात टेकले. एकेकाचा स्वभाव, म्हटलं, घासू दे.

पण त्या शुक्रवारी त्यांची बाथरूम लवकर आटपली. मी औषधाच्या दुकानात कामावर होते, नवरा त्याच्या शाळेत, पोरगी क्लासला. घरात एकट्या त्या, हातात ओला ब्रश आणि समोर पॅसेजमधली फळी.

ही फळी म्हणजे आमच्या घरातली माझी सवत. भिंतभर लाकूड, त्याला खुंट्या, आणि खुंट्यांवर बापलेकीचं कडेकपारी चढायचं सामान. नवरा चित्रकलेचा शिक्षक, त्यामुळे सगळा रंगांचा कारभार. खडकाच्या फटीत बसवला की आत उघडून घट्ट रुतणारा एक प्रकार असतो, त्याला कॅम म्हणतात. फट बारीक तर जांभळा, त्याहून मोठी तर हिरवा, मग लाल, पिवळा, निळा. प्रत्येक कॅमला त्याच रंगाची कडी. कॅराबिनर म्हणायचं खरं, पण आमच्या घरात कडीच म्हणतात. एका हाताने खडकाला लटकलेलं माणूस दुसऱ्या हाताने कमरेशी चाचपतं, तेव्हा त्याला वाचत बसायला वेळ नसतो, म्हणून रंग. हे मला इतक्यांदा ऐकवलं गेलं आहे की मी झोपेतही सांगेन.

आणि काळी चिकटपट्टी म्हणजे बाद. वापरायचं नाही.

इथेच माझं आणि नवऱ्याचं वाजायचं. बाद आहे तर घरात कशाला? आमच्या दुकानात मुदत संपलेली गोळी मी चांगल्या गोळ्यांच्या शेजारी ठेवली, वर काळी पट्टी लावून, तर मला कुणी उभं करेल का? पण लाल कड्यांच्या खुंटीवर सगळ्यात खाली ती एक काळ्या पट्टीची कडी वर्षानुवर्षं लटकत होती. टाक म्हटलं की हा लहान मुलासारखा तोंड पाडायचा. "तिनं मला धरलंय," म्हणायचा. "तिला भंगारात घालू?"

मी घरी आले तेव्हा फळी लखलखत होती.

कॅम सगळे उंचीनं लावलेले, शाळेच्या कवायतीसारखे. कड्या सगळ्या सोडवून, साबणानं धुऊन, रंगारंगाच्या माळा करून टांगलेल्या. लालची एक माळ. आणि खाली वर्तमानपत्रावर काळ्या चिकटपट्टीचे तुकडे, तेलानं मऊ करून सोलून काढलेले.

"किती चिकट झालं होतं सगळं," सासूबाई हात पुसत म्हणाल्या. "काळं काळं डकवलेलं, अगदी अवकळा. आता बघ कसं दिसतंय."

मी बघत होते. पाच लाल कड्या. सारख्याच आकाराच्या, सारख्याच खरचटलेल्या, सारख्याच धुतलेल्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मुलगी पहिल्यांदा पुढे चढणार होती.

तिला आम्ही खार म्हणतो, पहिल्यापासून कपाटावरच असायची. इतके दिवस ती बापाच्या मागून चढायची, म्हणजे दोर वरून बांधलेला, सुटली तरी लोंबकळणार. पुढे चढायचं म्हणजे वर कुणी नाही. स्वतः फटीत कॅम बसवायचा, कडी अडकवायची, दोर ओवायचा आणि वर जायचं. सुटलं तर तिनंच लावलेली कडी धरणार, नाहीतर नाही. वर्षभर ती या शनिवारासाठी थांबली होती.

नवरा आला. त्यानं फळीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खडूसारखा झाला. पण आईसमोर बोलायची छाती नाही. "छान झालंय, आई," म्हणाला. मला वाटलं, आता ओरडेन मी.

स्वयंपाकघरात ओढून नेलं त्याला. "कुठली आहे ती?"

"मी ओळखतो. माझी कडी आहे ती, मी नाही ओळखणार?"

पाचही कड्या ओट्यावर ठेवल्या. त्यानं एकेक हातात घेतली, उघडमीट केली, उजेडात धरली, आणि एक बाजूला काढली. "हीच."

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के."

मी त्याच्या नकळत नखानं तिच्या आतल्या बाजूला कणकेचा ठिपका लावला, पाचही फडक्यात घेऊन खळखळवल्या आणि पुन्हा मांडल्या. "काढ."

त्यानं ठिपका नसलेली काढली. पुन्हा खळखळवल्या, तर तिसरीच.

"काय दिवे लावलेस!" मी म्हणाले. "पाचही टाकून दे."

"अगं, चार चांगल्या आहेत! आणि लाल माप तिला उद्या सगळ्यात जास्त लागणार. नवीन मागवायला आठवडा जाईल."

"मग तिला नको पाठवू."

"बाबा!" खार दारात उभी होती. कधी आली कळलंच नाही. "मी जाणार आहे. तो प्रश्नच नाही."

"कसला प्रश्न?" तिच्यामागून सासूबाईंनी विचारलं. "मी काही बिघडवलं का रे? एवढ्याशा पट्ट्या तर होत्या."

नवरा मूग गिळून बसला. आमच्या घरात मूग गिळण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. माझं मात्र डोकं भडकलं होतं.

"आई, त्यातली एक बाद आहे. मोठा झटका बसलाय तिला, आत चीर असू शकते, बाहेरून दिसत नाही. काळी पट्टी होती ती त्यासाठीच."

"कसला झटका?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. "सांग आता. मी नाही सांगणार. मी तेव्हाच म्हटलं होतं, आईंना खरं सांग."

तो ओट्यावरच्या कड्यांशी बोलावं तसं बोलला. "आई, माझा हात मोडला होता बघ."

"बाथरूममध्ये घसरलास तेव्हा. आठ वर्षं झाली."

"तेव्हा मी बाथरूममध्ये नव्हतो."

सासूबाई स्टुलावर बसल्या. घाई न करता, आधी स्टूल हातानं चाचपून.

"किती उंच होतास?"

"तीन मजल्यांएवढा. पण पडलो नाही खालपर्यंत. वरचे दोन कॅम निघाले, तिसरा टिकला. त्याची ही कडी. भिंतीवर आपटलो म्हणून हात गेला, बाकी काही नाही."

"बाकी काही नाही," त्या म्हणाल्या.

बाथरूमचं दार उघडं होतं, आत त्यांचा ब्रश भिंतीला उभा करून ठेवलेला, नवी चटई नीट अंथरलेली. त्या तिकडे बघत राहिल्या.

"मग मी घासत काय होते रे?"

आठ वर्षं. ब्रश, चटया, चहाच्या आधीची ती खर्र खर्र. मला वाटत होतं त्यांना माझी फरशी घाण वाटते. त्यांना वाटत होतं ती त्यांच्या मुलाचा जीव घेईल. आणि मी, जी मुदत संपलेली एक गोळी दुकानात राहू देत नाही, तिनं हे एक खोटं आठ वर्षं घरात राहू दिलं होतं.

नवरा रडायला लागला. सासूबाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या ओट्याशी आल्या आणि त्यांनी पाचही कड्या तळहातावर घेतल्या.

"एवढीशी?"

"एवढीशीच असते, आजी," खार म्हणाली.

"करवत काढा," मी म्हणाले. "पाचही कापून टाकू, म्हणजे विषय संपला."

"कापायची?" सासूबाईंनी मूठ मिटली. "यातल्या एकीनं माझा मुलगा धरलाय. ती कापायची?"

आता दोघंही! मी कपाळावर हात मारला. एक होता तोच पुरेसा होता, आता त्याला आई मिळाली.

"आई, घरात राहिली तर कधीतरी चुकून जाईल कुणीतरी घेऊन."

"मग मी नेते माझ्याकडे. माझ्याकडे कोण चढतंय?"

त्यांनी पाचही कड्या आपल्या पिशवीत, अगदी तळाशी, चष्म्याच्या डब्यात घातल्या.

मग त्या खारीला म्हणाल्या, "तू जाणारच?"

"हो, आजी."

"लाल कड्या नसतील तर अडेल?"

"साध्या चंदेरी कड्या आहेत. मजबूत आहेत, पण वर गेल्यावर रंग दिसायला हवा."

"रंग कशाचा लावता? तीच ती चिकटपट्टी ना?" त्या मुलाकडे वळल्या. "तुझ्या चिकटपट्ट्यांच्या खोक्यात लाल असेल. आण."

दुपारी सोलत बसलेली बाई संध्याकाळी चिकटवत बसली. चंदेरी कडीला नेमकी कुठे पट्टी लावायची, म्हणजे उघडझाप अडणार नाही, हे त्यांनी तीनदा विचारून घेतलं. कड नखानं दाबून दाबून बसवली. नवरा मदतीला सरकला तर म्हणाल्या, "तू राहू दे. तुझ्यावर विश्वास नाही."

मग जांभळं जांभळ्याला, हिरवं हिरव्याला, सगळं पुन्हा लावायला मला आणि खारीला बसावं लागलं. मी चिडचिड करत लावलं, पण लावलं. प्रत्येक कडी दोनदा ओढून पाहिली.

सकाळी दोघं गेली. दार लागलं. सासूबाई काही वेळ पॅसेजमध्ये रिकाम्या फळीसमोर उभ्या राहिल्या. मग पदर खोचला आणि बाथरूममध्ये गेल्या. खर्र खर्र सुरू झालं.

"आई, फरशी कोरडी ठणठणीत आहे," मी दारातून म्हणाले. "आणि तिथे कुणी घसरलं नव्हतं."

"माहीत आहे," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मला दुकानात जायचं होतं. फोन करून सांगितलं, आज जमणार नाही. मग मोरीतून दुसरा ब्रश काढला आणि दुसऱ्या कोपऱ्यातून घासायला लागले. बाथरूम झाली, मोरी झाली, स्वयंपाकघराचा ओटा झाला. बाल्कनीच्या फरश्यांपर्यंत पोहोचलो तेव्हा फोन वाजला. माझ्या हाताला साबण होता, त्यांनी स्पीकर लावला.

"उतरलो!" खार ओरडली. "झालं, आई! वरपर्यंत!"

मी तिथेच ओल्यात बसले.

"घसरलीस का कुठे?" सासूबाईंनी विचारलं. "खरं सांग."

पलीकडे वारा ऐकू येत होता. बाप काहीतरी पुटपुटला.

"एकदा, आजी. वरच्या टप्प्यात पाय सुटला. लालवर पडले. तू पट्टी लावलेल्या कडीवर. धरलं तिनं."

सासूबाईंनी डोळे मिटले. ब्रश हातातच होता, त्याचं पाणी त्यांच्या साडीवर ठिबकत होतं.

"लागलं?"

"गुडघा खरचटलाय."

"बरं," त्या म्हणाल्या. "घरी ये, औषध लावू." फोन ठेवता ठेवता त्या पुटपुटल्या, "बापापेक्षा बरी आहे. बाथरूममध्ये घसरले, असं नाही म्हणाली." आणि राहिलेल्या दोन फरश्या घासायला वाकल्या.