खाट नंबर अकरा

घणसोली गावातल्या मिठाच्या बंगल्याला रंग लागला आणि इकडे पंढरीच्या तोंडाचा रंग उडाला. कुणा मीठवाल्या शेठने बांधलेल्या या बंगल्यात पुढे चाळीस वर्षं मनोरुग्णालय चाललं, मग वटवाघळांनी संसार मांडला, आणि आता तिथे वाचनालय होणार होतं. भिंतींवर रुग्णालयाचे जुने फोटो लागणार होते. त्यातल्या एकात वांग्यांची पाटी घेऊन पंढरीची बायको उभी होती, गोजरा.

पंढरी तिथे माळी होता. गोजरा पेशंट होती. बरी झाली तरी न्यायला माहेरचं कुणी फिरकेना, तेव्हा त्याने सरळ लग्नाचं विचारलं. गावाला मात्र सांगितलं, ती तिथली आया. ही थाप पंचेचाळीस वर्षं टिकली. त्याने भाड्यासाठी बांधलेल्या खोल्यांचा स्लॅबही इतका टिकला नव्हता.

आता नातीचं, भाविकाचं लग्न ठरत होतं. त्यामुळे वाचनालयाची सुचिता फोटोंची माहिती विचारत घरी आली, तेव्हाही पंढरीने तीच थाप मारली.

उद्घाटनाला नवऱ्या मुलाची आई शर्मिला सीवूड्सहून हौसेने आली. फोटोखाली छापलं होतं, 'आया गोजराबाई, १९७९'. पंढरीचा जीव भांड्यात पडला. गोजराने चष्मा पुसला, ते वाचलं आणि सुचिताकडे पेन मागितलं. भाविकाचा तरी विचार कर, असं पंढरी पुटपुटला.

"आया कुनीबी होते," गोजरा म्हणाली. "मी बरी झाली. त्ये कुठं लिवलंय?"

'आया' खोडून तिने सावकाश लिहिलं, 'पेशंट, खाट नंबर अकरा. बरी झाली.'

शर्मिलाने ते दोनदा वाचलं. पंढरीने मनातल्या मनात साखरपुड्याचा हॉल रद्दसुद्धा केला. पण शर्मिला गोजराच्या जवळ सरकली आणि हळूच सांगू लागली. तिचा धाकटा भाऊ दोन वर्षं खोलीबाहेर आला नव्हता, आणि ती सगळ्यांना तो दुबईला असल्याचं सांगत होती.

"त्याला हे दाखवायला आनू काय?"

"आन की. पन उपाशी आन. मी भाकऱ्या करते."

शर्मिला डोळे पुसत हसली. पंढरीला स्वतःची फार लाज वाटली, आणि बायकोचा त्याहून जास्त अभिमान. फोटोच्या कडेला त्याचा फक्त हात आणि झारी आली होती. त्याने पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'हा माळी. पुढे नवरा झाला.'