भासऱ्याचा हात

मोहाडीतल्या त्या घरात सकाळी दोनच आवाज असत. पुढच्या खोलीत कृष्णरावांचा हातमाग, मागच्या खोलीत गुंजनचा लॅपटॉप.

गुंजन, कृष्णरावांची धाकटी सून, फिजिओथेरपिस्ट. लग्न ठरतानाच सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, सांगितलं होतं, शिक्षण भारी आहे, पण परक्या माणसांचे हातपाय धरायचे नाहीत. मग नवऱ्याने, नीलेशने, हे घरबसल्याचं काम शोधलं: विमा कंपनीकडे आलेली आजाऱ्यांची कागदपत्रं तपासायची. काम वाईट नव्हतं, पण ते तिने निवडलेलं नव्हतं.

पावसाळ्यात थोरल्या प्रविणला लकवा झाला. प्रविण तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोला भासऱ्याचा स्पर्श झाला, तर दोघांनी आंघोळ करावी, अशी रीत. गुंजन दाराआडून जावेला सांगायची, बोटं अशी उघड, खांदा ओढू नको. जाऊ भीत भीत करायची आणि दोन दिवसांनी सोडून द्यायची. मग तेल चोळणारा आला, त्याने खांदा ओढला. हिवाळ्यापर्यंत मूठ आवळत गेली. गुंजनला पुढची प्रत्येक पायरी ठाऊक होती. तिला आता वाईटही वाटेनासं झालं होतं.

त्या दिवशी लॅपटॉपच्या पडद्यावर नागपूरच्या एका माणसाची फाइल होती. तोच आजार, तोच हात. आता तो कप धरत होता. ‘उपचार वेळेत सुरू झाल्याने सुधारणा,’ तिने टाइप केलं आणि पैसे मंजूर केले.

पुढच्या खोलीत काहीतरी पडलं. वडील चहाला उठलेले पाहून प्रविणने मागावरचा धोटा उचलून पाहिला होता. धोटा हातातून सुटून घरंगळत गुंजनच्या उंबऱ्याशी आला. रीतीप्रमाणे तिने जावेला हाक मारायची होती.

तिने धोटा उचलला, पुढे गेली आणि प्रविणची मूठ हातात घेतली.

“गुंजन,” सत्यभामाबाई दारातून म्हणाल्या, “भासरा आहे थो तुया.”

“मालूम आहे, आई. म्हणूनच उशीर झाला.”

प्रविणने मान खाली घातली. “मले तुया हात समजूनच नाही राहिला, बाई,” तो म्हणाला. ती एकेक बोट उघडत राहिली. दोन उघडली. दोन उघडणार नव्हती, कदाचित कधीच.

सासूबाई न्हाणीत गेल्या आणि बादली भरून आणली. दोघांच्या आंघोळीसाठी. मधे ठेवून उभ्या राहिल्या.

“थंडं आहे,” गुंजन म्हणाली. “थोडं गरम करून द्या जी. हात शेकायचा आहे. उद्यापासून सकाळी कंपनीचं काम करीन, दुपारी हे. ओसरीत सतरंजी टाकीन. ज्याले हातपाय दाखवायचे थो येईन.”

सत्यभामाबाईंनी बादलीत हात घालून पाहिला. मग ती उचलून चुलीकडे गेल्या.

पाणी आलं. पोळलं तरी प्रविणला कळणार नव्हतं. म्हणून गुंजनने आधी स्वतःचं कोपर त्यात बुडवून पाहिलं.