वहिनींनी जुळवलेला कॉम्प्युटर

वहिनींचा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला, तेव्हा पडद्यावर एका आजोबांचं खुब्याचं हाड जवळजवळ पूर्ण झालं होतं. टप्प असा आवाज झाला आणि पडदा काळा. सकाळपासूनची मेहनत पाण्यात गेली.

वहिनींचं काम ऐकणाऱ्याला नवलाचं वाटे. हॉस्पिटलातून एखाद्या रुग्णाचा सीटी स्कॅन यायचा. त्यातल्या शेकडो पातळ चित्रांमधून नेमकं हाड वेगळं काढायचं आणि त्याचा हुबेहूब आकार कॉम्प्युटरवर उभा करायचा. मग हॉस्पिटलातल्या प्रिंटरवर तो आकार प्लास्टिकमध्ये छापला जाई आणि सर्जन असलेल्या डॉक्टरीणबाई ऑपरेशनच्या आधीच त्यावर हात बसवून घेत. वहिनींचा नवरा जहाजावर, वर्षातला बराच काळ पाण्यावरच. घरात सासूबाई आणि धाकटा दीर. दिरानं त्यांना लग्नाच्या दिवसापासून 'वहिनी' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव गल्लीपासून हॉस्पिटलपर्यंत चिकटलं.

"आजोबांचं मॉडेल उशिरा आलं तरी चालेल," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच वहिनींना जास्त लागलं. "पण पुढची केस मोठी आहे. शाळेतल्या बाई आहेत. खालच्या जबड्यात गाठ आहे. जबड्याचा बराच भाग काढून तिथे पायाचं हाड बसवायचंय. मॉडेल हातात असेल तर ते हाड धरून ठेवणारी धातूची पट्टी आधीच वाकवून ठेवता येईल. जमेल ना? नसेल जमणार तर आत्ताच सांगा."

"जमेल," वहिनी म्हणाल्या. फोन ठेवला आणि त्यांची नजर बंद पडलेल्या यंत्राकडे गेली.

त्यांनी कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण उघडलं. मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी चिमुकली नळकांडी, डोक्यावर फुगले होते, आणि सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, जळका वास मारत होता. साधं टायपिंग करताना यंत्र गपगुमान चालायचं. हाडाचं जड काम आलं की मान टाकायचं. ते का, हे आता दिसत होतं. विकत घेताना दुकानदारानं जे बांधून दिलं, ते त्यांनी डोळे मिटून घेतलं होतं. या वेळी प्रत्येक भाग स्वतः निवडायचा, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

पुढचे काही दिवस त्या वाचत होत्या. कोणत्या भागाची कोणी काय चाचणी घेतली, कोणता वर्षभरात दगा देतो, कोणत्या मदरबोर्डला कोणती मेमरी मानवते. सासूबाई येता-जाता डोकावत. "अगं सूनबाई, इतकी चौकशी तर आम्ही तुझं स्थळ आलं तेव्हा नव्हती केली."

"म्हणून तर मी मिळाले तुम्हाला," वहिनी हसत म्हणाल्या.

दुकानात त्या दिराला घेऊन गेल्या. दिराला खेळांचा नाद, आणि त्याहून जास्त दिव्यांचा. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा पंखा निळा, हिरवा, जांभळा होई, म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव झगमगराव ठेवलं होतं. दुकानात शिरताच त्यानं एका काचेच्या पेटीसमोर ठाण मांडलं.

"वहिनी, ही बघा! चारी बाजूंनी काच."

"आणि हवा कुठून जायची?"

"हवा..." झगमगरावांनी पेटीभोवती एक फेरी मारली. "हवेचा काही विचार केलेला दिसत नाही."

काउंटरवरचा दुकानदार दिराकडे बघूनच बोलत होता. "साहेब, हा प्रोसेसर घ्या. ग्राफिक्स कार्ड हे. पॉवर सप्लाय कुठलाही चालतो, तो मी आतून देतो."

"मला काय विचारता?" दीर म्हणाला. "कॉम्प्युटर यांचा आहे. मी फक्त ओझं उचलायला आलोय."

दुकानदारानं मान वळवली. वहिनींनी शांतपणे सांगायला सुरुवात केली. पॉवर सप्लाय अमुकच हवा, पूर्ण भार तासन्‌तास पेलणारा, लांब वॉरंटीचा. मेमरी एकाच जोडीतली, याच मदरबोर्डवर तपासलेली. प्रोसेसर सगळ्यात महागडा नको, पण त्याच्यावरचा कूलर दणकट हवा. पेटी जाळीच्या तोंडाची, साधी.

दुकानदारानं सगळं काढलं. फक्त पॉवर सप्लाय दुसराच आणून ठेवला. "तो संपलाय. हाही तसाच आहे, ताई. काही फरक नाही."

वहिनींनी खोका फिरवून पाहिला. आकडा मोठा छापला होता, पण वॉरंटी जेमतेम, आणि त्याची कोणी चाचणी घेतल्याचं त्यांच्या वाचनात कुठेच आलं नव्हतं. ऑपरेशन तोंडावर आलं होतं. दीर हळूच म्हणाला, "घेऊन टाका ना वहिनी, एवढ्यासाठी कशाला अडायचं?"

क्षणभर त्यांचंही मन डळमळलं. मग जुन्या यंत्राचा तो जळका वास आठवला.

"नको. बाकीचे भाग तसेच सुटे द्या. हा मी शोधते."

शहरभर पायपीट झाली. एका दुकानात तो मागवून मिळेल म्हणाले, दुसऱ्यात नाव ऐकूनच खांदे उडवले. शेवटी बसस्थानकामागच्या एका चिंचोळ्या दुकानात, वरच्या फळीवर, सील न फोडलेला खोका सापडला. वहिनींनी तो रिक्षातून घरापर्यंत मांडीवर धरून आणला. दिराला हात लावू दिला नाही.

जेवणाच्या टेबलावर जुळणी सुरू झाली. सासूबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. वहिनींनी प्रोसेसर बसवला, कूलर आवळला, मेमरी दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबली. तारा मागून नीट बांधल्या. बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला.

"झालं कल्याण!" दीर म्हणाला. "माशी शिंकली."

वहिनींना आता घाबरून चालणार नव्हतं. त्यांनी वीज काढली, टॉर्च घेतला आणि एकेक जोड बोटानं चाचपत गेल्या. प्रोसेसरला वीज देणारी तार, अगदी कोपऱ्यातली, अर्धवटच आत गेली होती. अंगठ्यानं दाबली. टक्. पुन्हा बटण. पडदा उजळला आणि सासूबाईंनी टाळ्याच वाजवल्या.

मग वहिनींनी यंत्राला जाणूनबुजून जुंपलं. दिवसभर सगळ्यात जड काम चालू ठेवलं.

"नव्याकोऱ्या यंत्राला कशाला छळताय?" दिरानं विचारलं.

"पडायचं तर आज, माझ्यासमोर पडू दे. बाई ऑपरेशनच्या टेबलावर असताना नको."

यंत्र पडलं नाही. आवाजसुद्धा केला नाही.

जबड्याचं मॉडेल तयार होऊन हॉस्पिटलात पोचलं, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज घाईचा होता. "आज नवा स्कॅन काढला. गाठ पुढे सरकलीय. जुनं मॉडेल उपयोगाचं नाही. संध्याकाळपर्यंत नवं द्यायला हवं. होईल?"

"पाठवा," वहिनी म्हणाल्या. या वेळी यंत्राची धास्ती नव्हती.

जुन्या यंत्रावर या कामाला दोन दिवस लागले असते, तेही ते जगलं असतं तर. वहिनी बसल्या. चित्रं भराभर उलगडत होती, हाड आकार घेत होतं. त्या एकेक कड तपासत होत्या, गाठीची हद्द आखत होत्या, पायाच्या हाडाचे तुकडे जबड्याच्या वळणावर बसवून बघत होत्या. दिरानं दार लोटून घेतलं आणि बाहेर कोणाला आवाज करू दिला नाही. उन्हं कलायच्या आत फाइल हॉस्पिटलात पोचली होती आणि तिथला प्रिंटर नवा जबडा छापू लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. वहिनींनी स्पीकर लावला.

"वहिनी, पट्टी अशी बसली, जणू तिथेच उगवली होती!" डॉक्टरीणबाई हसत होत्या. "धरलेल्या वेळेच्या खूप आधी बाहेर आलो आम्ही. बाई छान आहेत."

झगमगरावांनी आरोळीच ठोकली. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या सुनेनं ते यंत्र जेवणाच्या टेबलावर बांधलंय बरं का! दोन दिवस आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवलो."

काही महिन्यांनी शाळेच्या बाई स्वतः घरी आल्या. गालावर बारीक वण होता, शब्द जपून येत होते, पण स्पष्ट येत होते. त्यांनी कॉम्प्युटर बघायला मागितला. ती काळी, साधी, जाळीची पेटी बघून त्या म्हणाल्या, "हाच होय? दिसतो तर अगदी गरीब."

"वर्गात पहिली येणारी मुलंही अशीच असतात की," वहिनी म्हणाल्या.

बाई खळखळून हसल्या. पूर्ण तोंड उघडून, नव्या जबड्यानं, अगदी मनमोकळं.